थांबाकाका आणि सत्तर टक्के सवलत

आमच्या इमारतीत त्यांना सगळे थांबाकाका म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, आणि त्या धंद्यात पहिला शब्द ‘थांबा’ हाच असतो. दार उघडलं म्हणून पाऊल टाकायचं नाही, आधी आत लिफ्ट आहे का ते बघायचं. निवृत्त झाल्यावर ही सवय ते घरी घेऊन आले. जिन्यात कुणी “नमस्कार काका” म्हटलं, तरी आधी “थांबा” म्हणून चष्मा लावत, माणूस ओळखीचा निघाला तरच नमस्कार.

पैशांच्या बाबतीत तर त्यांचा स्वतःच्या खिशावरही भरवसा नव्हता. बँकेचं कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात, खिशाला सेफ्टी पिन, आणि कार्डाच्या पाठीवर काळी चिकटपट्टी. “मागचे तीन आकडे कुणी वाचले की खेळ खलास,” असं ते सांगत. दुकानात पिन टाकताना ते यंत्रावर असे ओणवे होत की एकदा गल्ल्यावरच्या बाईंना वाटलं, यांना चक्कर आली. त्या पाणी घेऊन धावल्या. काकांनी आधी पिन पुरता टाकला, मग पाणी प्यायले.

मोठी सुट्टी तोंडावर आली होती. मुलगी, जावई आणि नातवंडं येणार म्हणून काकूंनी त्यांना खरेदीला नेलं. दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काकांनी काकूंना पर्स पोटाशी धरायला लावली आणि स्वतः मागून पहारा देत चालले. ‘इथे वायफाय फुकट’ अशा पाटीखाली एक अनोळखी बाई फोनमध्ये बघत होती. काका तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, “इथे बँकेचं काही उघडू नका.” ती बाई बाळाचा फोटो बघत होती. ती दोन पावलं मागे सरली.

“अहो, लोक आपल्याला चोर समजतील,” काकू म्हणाल्या.

“समजू देत. चोर समजले की पाकीट तरी सांभाळतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. “काका, बँकेतून बोलतेय. तुमच्या कार्डावर आत्ता परगावी एक मोठा टीव्ही घेतला गेलाय. तो तुम्ही घेतलाय का?”

“थांबा,” काका म्हणाले. “आईवडील आहेत ना तुला?”

“आहेत.”

“त्यांना काय सांगतेस, काय काम करतेस म्हणून?”

“बँकेत आहे असं.”

“म्हणजे त्यांनाही फसवतेस. भांडी घास, बाळ, पण हे सोड.”

“काका, मला पिन नको, आकडे नकोत. फक्त हो की नाही सांगा.”

काकांनी फोन ठेवला.

“तिनं पिन विचारलाच नाही,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे चांगली मुरलेली आहे.”

तेवढ्यात संदेश आला. आणखी एक टीव्ही. आता मात्र काकांचा चेहरा उतरला. कार्डाच्या पाठीवर बँकेचा नंबर असतो, त्यावर आपण होऊन फोन करावा असं त्यांनीच आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. त्यांनी चिकटपट्टी सोलली. पट्टीबरोबर नंबरही निघून आला. फोनवर शोधून मिळालेला नंबर खोटा असू शकतो, म्हणून तो रस्ताही बंद. शेवटी दोघं पायीच बँकेकडे निघाली. काकूंच्या पायात घरातल्याच सपाता होत्या.

बँकेतल्या बाईंनी सगळं ऐकून आधी कार्ड बंद केलं आणि मग विचारलं, “तुम्हाला आमच्याकडून फोन आला होता ना?”

“आला होता. मी तिला भांडी घासायला सांगितलं.”

“फोन ठेवून इथे आलात, तेच करायचं असतं. भांड्यांचं ऐच्छिक आहे,” बाई म्हणाल्या आणि पडद्यावरचे व्यवहार वाचू लागल्या. “किराणा?”

“आमचा.”

“खेळणी?”

“आमचीच.”

“टीव्ही दोन्ही नाहीत. आणि हे परवाचं? ऑनलाइन दुकान दिसतंय.”

“ते आमचं नव्हेच,” काकू म्हणाल्या. “हे आम्हाला ऑनलाइन काही घेऊच देत नाहीत.”

काका वरच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

“थांब,” ते म्हणाले. “ते माझं आहे.”

मग त्यांनी सांगितलं. फोनवर जाहिरात आली होती. शिलाई मशीन, सत्तर टक्के सवलत. त्यांनी काकूंच्या नकळत मागवलं. पैसे भरताना दुकानानं मागचे तीन आकडे मागितले, तेव्हा त्यांनी चिकटपट्टी सोलली, आकडे वाचून भरले आणि वर नवी पट्टी लावली.

“पण तुम्ही थांबला कसे नाहीत?” काकूंनी विचारलं.

“तिथे घड्याळ उलटं चालत होतं. वेळ संपत आली होती.”

बाईंनी समजावून सांगितलं, ते दुकान खोटं होतं. एका मोठ्या दुकानाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं. तिथूनच कार्ड चोरांच्या हाती गेलं. काका मान खाली घालून ऐकत होते.

काकूंनी उभं आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात शिवण केलं होतं. घरचं मशीन मात्र या घरात मावेना म्हणून येतानाच विकून टाकलं. त्याबद्दल त्या पुन्हा कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. काकांना तेच सलत होतं.

“कसलं होतं?” काकूंनी विचारलं.

“काळं. सोनेरी वेलबुट्टीचं. आपलं होतं तसं.”

“पायाचं?”

“पायाचं.”

“आणि ठेवणार कुठे होतात?”

“खिडकीपाशी. माझी खुर्ची काढून.”

बँकेतल्या बाईंनी टंकलेखन थांबवलं होतं, ते पुन्हा सुरू केलं.

त्याच दिवशी तक्रार केल्यामुळे दोन्ही टीव्हींचे पैसे काही आठवड्यांनी परत आले. मशीनचे पैसे काकांनी स्वतःच्या हातानं भरलेले, ते अक्कलखाती जमा झाले. नव्या कार्डावर काकांनी ऑनलाइन खरेदी बंद करून घेतली, रोजची मर्यादा कमी केली, आणि खरेदीपुरतं एक वेगळं छोटं खातं काढलं. चिकटपट्टी पुन्हा लावली, पण बँकेचा नंबर उघडा ठेवून.

सुट्टी संपली, पाहुणे गेले, सवलतीही संपल्या. मग एका सकाळी काकू त्यांना कोपऱ्यावरच्या शिलाई मशीनच्या जुन्या दुकानात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी चिंधी मागितली, शिवण घातली, दोन्ही टोकं ताणून बघितली आणि कान लावून मशीन पुन्हा चालवलं. ते पांढरं होतं, विजेवरचं.

“वेलबुट्टी नाही,” काका म्हणाले.

“वेलबुट्टी काय चाटायचीय?”

पैसे काकूंनी स्वतःच्या कार्डानं दिले, पूर्ण किमतीत. काका आडोसा करायला यंत्रावर ओणवू लागले, तशी काकूंनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं. “सरका. मला आकडे दिसत नाहीत.”

आता काकू लोकांचे पडदे शिवून देतात. आम्ही त्यांच्या बरोब्बर खाली राहतो. भर दुपारी, झोपेच्या वेळी, मशीनचा आवाज छतातून येतो. अजून आम्ही तक्रार केलेली नाही.