रॅम्प थेट स्टेजवर

नाटक संपलं की सामान माळ्यावर जातं, लुगडी धोब्याकडे जातात. पण किस्से कुठे ठेवायचे? ते आमच्याच डोक्यात मुक्कामाला राहतात, आणि दरवर्षी त्यांची भर पडते. भिलाईच्या आमच्या नाट्यमंडळात मी तीस वर्षं प्रॉम्प्टर आहे. विंगेत वही घेऊन बसायचं आणि विसरलेलं वाक्य पुरवायचं. त्यामुळे समोरून नाटक मी एकही धड पाहिलेलं नाही, किस्से मात्र सगळे पाहिलेत! आणि एका प्रयोगाचे तर इतके साठले, की त्या दिवशी नेमकं काय झालं हे मला अजूनही नीट उमगलेलं नाही.

सुरुवात रेखाताईंनी केली. त्या आमच्या नायिका. आता आईच्या भूमिका करतात. त्यांची मुलगी गौरी बावीस वर्षांची, ऑटिस्टिक. ती तालमीला रोज येते, ठरलेल्या खुर्चीवर बसते. हातात निळी पाण्याची बाटली. त्या बाटलीला कोणी हात लावायचा नाही, आईनेसुद्धा नाही!

तालमीत सगळं ठीक असायचं. प्रयोगाला मात्र तिसरी घंटा झाली, अंधार पडला, टाळ्या वाजल्या की गौरी कान दाबून किंचाळायची आणि तिचे बाबा तिला बाहेर न्यायचे. पोरीने आईला स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं.

त्या वर्षी रेखाताईंनी नाटकाची वही टेबलावर ठेवली. "गौरीले शेवटपर्यंत पाहता येईन असा एक प्रयोग करा. नाही तं धोटेभाऊ, लुगडं तुम्हीच नेसा!"

धोटे आमचे दिग्दर्शक आणि नटही, स्टील प्लँटमधून रिटायर झालेले फोरमन, मिशा भरघोस. लुगड्याच्या धमकीने त्यांचा चेहराच उतरला.

*

मग शेजारच्या पद्मनाभपुरहून मुग्धा मॅडम आल्या. त्या विशेष मुलांना शिकवतात. त्यांनी आम्हाला समजावलं. लाइट पूर्ण घालवायचे नाहीत. एकदम मोठा आवाज करायचा नाही. लोकांना मधेच उठू द्यायचं, बोलू द्यायचं, बाहेर जाऊन परत येऊ द्यायचं.

धोटे गोंधळले. "मॅडम, आपली पब्लिक तं हे सारं पहिलेपासूनच करते. मधात उठते, फोनवर बोलते, समोसा खाऊन वापस येते. मंग याच्यात नवीन काय हाय?"

"नवीन इतकंच, की तुम्ही चिडायचं नाही."

धोट्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हे कठीण जाईन!"

*

मुग्धा मॅडमनी फोनवर सांगितलं, व्हीलचेअरसाठी रॅम्प लागेल. काम नागोरावने घेतलं. नागोराव खुर्सीपारचा, जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस. नाटकात तो हवालदार होतो, एरवी काहीही जोडून देतो.

आठ दिवसांत रॅम्प तयार! पाय घसरू नये म्हणून खरबरीत चेकर प्लेट, दोन्ही बाजूंना रेलिंग, काठाला पिवळे-काळे पट्टे. आम्ही सात जणांनी त्यावर एकदम उड्या मारून टेस्टिंग केलं. तो हललासुद्धा नाही. "हत्ती चढवा," नागोराव म्हणाला.

मुग्धा मॅडम आल्या, बघत राहिल्या. रॅम्प खुर्च्यांच्या पुढून निघून थेट स्टेजवर चढत होता. हॉलच्या दाराच्या दोन पायऱ्या जशाच्या तशा.

"नागोराव, प्रेक्षक स्टेजवर कशाला जातील?"

नागोराव बुचकळ्यात पडला. "मॅडम, तीस साल झाले. या हॉलमंदी मी आलो का स्टेजवरच जातो. माणूस अजून कुठं जाते?"

गंमत म्हणजे आमच्यापैकी एकालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नव्हतं. त्या खुर्च्यांवर आम्ही कधी बसलोच नव्हतो! दाराला मग एक छोटा रॅम्प लागला. मोठा तसाच राहिला, कारण तो काढायला गॅस कटर आणावा लागला असता.

*

मुग्धा मॅडमचं पुढचं म्हणणं होतं, की नाटकात काय काय होणार ते सगळं आधीच छापून द्यायचं, पानांना नंबर टाकून, फोटोंसकट. ज्यांना अचानक काही झालेलं सोसत नाही, त्यांना त्याने धीर येतो.

आमचं नाटक चोरीला गेलेल्या नथीचं! नथ आईनेच लपवलेली असते, हे शेवटी कळतं.

"हे पण छापायचं?" धोट्यांचा आवाज चिरकला.

"पहिल्याच पानावर."

 पुस्तिका मात्र छान झाली. 'पान चार : आई जोरात ओरडते. आई खरोखर रागावलेली नाही.' रेखाताईंच्या यजमानांनी ते पान तीनदा वाचलं आणि विचारलं, "हे एक घरी लावायले भेटन का?"

पुस्तिकेत सगळ्यात वर लिहिलं होतं : 'जे लिहिलं आहे, तेच होईल.' ते वाक्य गौरीने बोट ठेवून वाचलं. मग मान वर करून आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मला उगाचच करारावर सही केल्यासारखं वाटलं.

*

आमचे नेहरू नगरचे देशकर काका. त्यांची नजर गेली, पण नाटकाचा नाद गेला नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी कानाशी बसून स्टेजवर काय चाललंय ते सांगायचं ठरलं. रंगीत तालमीला हे काम नागोरावकडे दिलं, कारण त्याचा प्रवेश उशिरा होता.

नागोरावने प्लँटमध्ये क्रेनवाल्याला खालून इशारे द्यायचंही काम केलेलं. त्याने सुरू केलं, "धोटे लेफ्टले चालले. अजून लेफ्ट. थोडा थोडा. बस, बस, होल्ड! रेखाताई पुढं. पुढं येऊ दे. आता खाली बसू दे, आरामात…"

काकांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "नागोराव, नाटक चालू हाय का माल उतरवून राहिले?"

*

माझ्यावरही गदा आलीच. मुग्धा मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचं प्रॉम्प्टिंग शेवटच्या रांगेत ऐकू येतं. विंगेतून अचानक आवाज आला की मुलं दचकतात."

म्हणजे प्रॉम्प्टरने गप्प बसायचं! मग मी तिथे बसून करायचं काय?  "वही धरा," धोटे म्हणाले.

आणि टाळ्याही बंद. त्याऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे. मुग्धा मॅडमनी करून दाखवलं. त्यांनी हात हलवले मात्र, स्टेजवरचे धोटे आणि नागोराव जागच्या जागी थिजले! एकाचा पाय हवेत, दुसऱ्याचं तोंड उघडं.

"काय झालं?" मॅडम घाबरल्या.

मला समजावून सांगावं लागलं. प्लँटमधल्या आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नसे. सगळं हातांनी चालायचं. कोणी दोन्ही हात वर करून हलवले की एकच अर्थ : जे चाललंय ते थांबवा, माणूस मरेल. तीस-पस्तीस वर्षं ते अंगात भिनलेलं.

"आता तसं नाही," मॅडम म्हणाल्या. "आता ती शाबासकी आहे."

"समजलं," धोटे म्हणाले. त्यांनी चार वेळा प्रॅक्टिस केली. चारही वेळा ते थांबले.

*

आणि मग तो प्रयोग. दुपारची वेळ, हॉलमध्ये निम्मा उजेड, घंटा नाही. कोणी गुणगुणत होतं, कोणी फेऱ्या मारत होतं. गौरी पहिल्या रांगेत, मांडीवर पुस्तिका आणि बाटली. विंगेत रेखाताई पदर पुन्हा पुन्हा खोचत होत्या. "पाच मिनिटं तरी बसली पाहिजे," त्या मला म्हणाल्या. "पाच झाले तरी लय."

पाच झाली. दहा झाली. गौरी बसलेली होती! पान सहावर रेखाताई आणि धोट्यांचं भांडण असं रंगलं, की हॉलभर हात वर गेले.

धोटे थांबले.

पुढचं वाक्य त्यांचंच होतं. 'तू बस आधी.' मग आई बसते, पाणी पिते, इथे पान सात संपतं, आणि पान आठवर ती नथ आपणच लपवल्याचं सांगते. पण धोटे खांबासारखे उभे! रेखाताईंनी वाट पाहिली, मग त्या घाबरल्या आणि सरळ पान आठचं वाक्य म्हणाल्या.

"पान सात राहिलं."

गौरी उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

रेखाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आता सातही आठवेना आणि आठही. वही माझ्या हातात, वाक्य माझ्या ओठांवर, आणि बोलायची बंदी! मी धोट्यांकडे बघतोय, धोटे माझ्याकडे. गौरी श्वास जोरात घ्यायला लागली. तिचा हात कानाकडे गेला. तिचे बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मला वाटलं, संपलं. आम्ही लिहून दिलं होतं आणि आम्हीच मोडलं.

गौरीने हात खाली घेतला. बाटली उचलली आणि ती नागोरावच्या रॅम्पवरून सरळ चालत स्टेजवर आली. एकही पायरी नाही, एकही अडथळा नाही.

"तू बस आधी," ती म्हणाली. अगदी धोट्यांच्या ठसक्यात.

रेखाताई बसल्या.

गौरीने समोरचा लोटा उचलून आत पाहिलं. "पाणी नाही." दोन महिने तालमीत ती हेच म्हणत होती, आणि दोन महिने आम्ही तिला सांगत होतो, की बेटा, नाटकात खोटं-खोटं प्यायचं असतं.

तिने निळ्या बाटलीचं झाकण उघडलं आणि लोट्यात पाणी ओतलं.

"आई पाणी पिते," ती म्हणाली. वहीतली ती सूचना तालमीत मी मोठ्याने वाचायचो. माझाच सूर होता तो, थोडा कंटाळलेला. 

रेखाताईंनी दोन्ही हातांनी लोटा धरला आणि त्या सगळं पाणी प्यायल्या. हॉलमध्ये हात वर गेले. गौरी लोटा रिकामा होईपर्यंत थांबली, तिने झाकण लावलं आणि विंगेत माझ्याकडे वळून म्हणाली,

"पान आठ."

मी पान उलटलं.