समोरचा मनोरा
ओवा भाजायला घेतला की हार्बरफ्रंट बंदरावरच्या आमच्या शिपिंग ऑफिसात आलेला म्हातारा ग्रीक कॅप्टन आठवतो. त्याच्या कोटाला असाच वास होता. मी कौतुकाने त्याला समुद्र दिसणाऱ्या खिडकीतली खुर्ची दिली, तर तो भिंतीला टेकून उभाच राहिला. नकाशावर ग्रीसच्या दक्षिण टोकाच्या मानी द्वीपकल्पावर बोट ठेवून म्हणाला, “आमची घरं म्हणजे दगडी मनोरे. पणजोबांच्या काळी समोरच्या वैरी घराण्याच्या मनोऱ्यातून गोळ्या यायच्या. त्या केव्हाच थांबल्या, पण आईने मला कधी खिडकीत उभं राहू दिलं नाही.” “आता कोण राहतं समोर?” मी विचारलं. “कोणीच नाही.” तरी तो बसला नाही. आज ओवा परतताना मागे वळले, तर लेक खिडकीत उभी. समोरची इमारत पाडायची म्हणून रिकामी केलेली. मी तिला दंडाला धरून मागे खेचलं. “आई, नोबडी देअर, लाह!” ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, कोणी नाहीये तिथे. मला ठाऊक होतं. तरी मी पडदा ओढला.