मशीनले ऊन लागलं

घनशाम बाबू फरशीवर आले का पयले चप्पल काढत. कोणाशी बोलाच्या आधी. उजवा पाय उघडा करून सिमेटावर टेकवत, ओठ हालवत काहीतरी मोजत, मंग पाय उचलत अन् म्हणत, "पयले पाय ठेवून पाहू. मंग बोलू." भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, शिकलेला पँटवाला माणूस एका पायावर बगळ्यासारखा उभा. आमी बाया पदराआड हासत होतो. नवीन माणसाले वाटे, याचं डोस्कं फिरलं.

ते आमच्या मिलीचे सुपरवायझर. आमचं गाव दिघोरीजवळ, अन् मिल रोडवर, उसन्या तांदळाची. उसना म्हणजे धान पयले वाफेत उकडतात, मंग सिमेटाच्या फरशीवर पसरून वाळवतात, मंग त्याचा तांदूळ काढतात. वाळताना ते धान घडीघडी फिरवा लागते, अन् थे काम आमचं. पायानं. ओळीनं चालाचं, पाय घासत, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चप्पल घालून चालत नाही, दाणा फुटते. म्हणून उघडेच पाय. खालून धान ऊन, वरून सूर्य, अन् मधात आमी.

मी दुसरीपर्यंत शिकली. माहा बुढा, म्हणजे नवरा, गावच्या बोडीतला, लहान तळ्यातला, गाळ काढता काढता गेला, तवा पोट्टे लहान होते. मंग मी मिलीत लागली. तेवढंच आहे माहं, जास्त काही सांगासारखं नाही.

बाबू पयले असे पाय ठेवत नव्हते. ही सवय त्यायले कौसल्या गेल्यापासून लागली. कौसल्या माही जाऊ. माह्याच ओळीत चालत होती. म्हणे, "बाई, मले पिवळं पिवळं दिसून राहिलं." मी म्हटलं, "धानच पिवळं आहे वो, चाल." तिले हासू बी आलं. अन् तीन पावलं चालून बसली, ते बसलीच. बाबूनं तिले उचलून टिनाच्या शेडात नेलं. त्या घाईत त्यायची चप्पल फरशीवरच राहिली होती. डोक्यावर पाणी टाकलं, गाडी बलावली. दवाखाना येतपर्यंत कौसल्या संपली. सांजच्या वक्ताले बाबू परत आले अन् फरशीवर उघड्या पायानं उभे राहिले, सूर्य बुडतपर्यंत. मी म्हटलं, "बाबू, घरी जा." ते म्हणे, "यशोदाबाई, हे आत्ता बी भाजते." मी म्हटलं, "हाव, भाजतेच." मले समजलं नाही, त्यायले नवं काय दिसलं.

पुढच्या साली शेठनं नवा नियम काढला. आता धानाच्या बोऱ्यावर, पोत्यावर, काड्याकाड्यांची चिट्ठी लागन, अन् हातातल्या मशीननं ते चिट्ठी वाचल्याबिगर एक बोरा हलला नाही पायजे. फरशीवर ओतताना वाचाचं, गोळा करताना वाचाचं, अन् प्रत्येक फेरी फिरवून झाली का फरशीच्या कडेले ठेवलेल्या टिनाच्या पाटीवरची चिट्ठी वाचाची. मशीन टुंय करन तवा पुढचं काम. कंपनीवाला तीन मशीना देऊन गेला, एक पिवळी, एक काळी, एक निळी. देता देता त्यानं पिवळी फरशीवर आपटून दाखवली, पाण्याच्या बालटीत बुडवून दाखवली. आमच्या बाया म्हणे, एवढा मार तं आमाले बी नाही पडला.

शेठ बाबूले म्हणे, "घनशाम, तू पाहून घे. आपलं काम दोनी टोकाचं आहे. इकडे फरशी, तिकडे थंड गोदाम. दोनीकडे चालणारी निवड." मिलीच्या मागं शेठचं मिरचीचं थंड गोदाम आहे. आतमधी गेलं का तोंडातून धूर निघते. सकाळी आमी तथून मिरचीचे बोरे काढतो अन् दहा वाजता फरशीवर येतो. आंग एकाच दिवसात दोनदा इचारते का मी कुठं आहे.

बाबूनं तिन्ही मशीना माह्या हातात देल्ल्या. म्हणे, "मी टेबलावर पाहून काय फायदा? वापराची तुमाले आहे." बटन शिकवली. वरची दाबली का वाचते, बाजूची दाबून धरली का झोपते. चैत लागला होता, ऊन तापलं होतं. पंधरा दिवस मी मशीना घेऊन फिरली. सकाळी एक एक घेऊन थंड गोदामात, दुपारी फरशीवर. बाबू मागं मागं, वही घेऊन. काळी गोदामात गेली का सुस्त होऊन जाय, बटन दाबल्यावर किती तरी वेळानं टुंय. निळी थंडीत बरी चाले, पण फरशीवर बारा वाजले का तिच्या काचेवर दवाखान्यात ताप पाहतात तसल्या लाल काडीचं चित्र येई, अन् ती बंद. सावलीत नेऊन ठेवली, चांगली निवली, का मंग सुरू. अन् पिवळी कुठंच थांबत नव्हती. बर्फात बी टुंय, अंगारात बी टुंय.

मी म्हटलं, "बाबू, पिवळी घ्या. दमदार आहे."

"दमदार आहे म्हणूनच भेव वाटते," ते म्हणे.

"मशीनचं कायचं भेव?"

बाबू कंपनीच्या कागदावर बोट ठेवून म्हणे, "पाहा, इथं लिहून आहे. कोणती मशीन किती थंडीत चालन, किती उन्हात चालन. त्याच्या पुढं नेली तं कंपनी जबाबदार नाही." मंग माह्याकडे पाहून म्हणे, "तुमचा कागद कुठं आहे, यशोदाबाई?"

मी म्हटलं, "राशन कार्ड आहे जी. आधार आहे. पेटीत आहे, आणू का?"

"तो नाही. किती उन्हापर्यंत चालता, असं लिहून असलेला."

"असा तं मले कोणी देल्ला नाही."

"तेच तं," ते म्हणे, अन् वही मिटवली.

त्या दिवशी मी घरी येऊन पेटी उघडून पाहली. खरंच सांगते. म्हटलं, बुढ्याच्या वक्ताचा एखादा सरकारी कागद असन, आपल्याले मालूम नसन.

मंग शेठनं ऑफिसात बलावलं. तथी थंडी हवा देणारी मशीन होती, शेठ कधी दुपारचा फरशीवर येत नव्हता. इचारलं, "कोणती?" बाबू म्हणे, "निळी. हातात हलकी आहे शेठ, बायांले बरी. थंड गोदामात एकदम मस्त चालते."

"अन् फरशीवर?"

"चालते," बाबू म्हणे.

मी दाराशी उभी होती. बोलाले तोंड उघडलं का ते बारा वाजता बंद पडते. बाबूनं माह्याकडे पाहलं. रागानं नाही. मी तोंड मिटलं. पण डोस्क्यात घोळ सुरू झाला. हा माणूस पंधरा दिवस वहीत लिहून राहिला, अन् शेवटी जी फरशीवर टिकत नाही तीच घेतली. बायांत बोलणं झालं. एक म्हणे, कंपनीवाल्यानं चहापाणी केलं असन. दुसरी म्हणे, बाबूले वाचता येते पण समजत नाही. मले दोनी गोष्टी खऱ्या वाटत नव्हत्या अन् तिसरी सुचत नव्हती.

निळ्या मशीना आल्या. मे महिना लागला. बारा वाजले का लाल काडी, अन् मशीन बंद. नियम तं होताच, मशीननं वाचल्याबिगर काम नाही. बाबू चप्पल काढत, पाय टेकवत अन् म्हणत, "मशीनले ऊन लागलं. बसा." आमी टिनाच्या शेडाच्या बाजूले मोहाच्या झाडाच्या सावलीत बसत होतो. पाणी पीत होतो. कोणी पाय लांब करे, कोणी डुलकी काढे. मशीन मधात, ओल्या मातीच्या घड्याजवळ, पोट्टं झोपवल्यावानी. मी एकदा म्हटलं, "बाबू, उशीर होऊन राहिला." ते म्हणे, "घाई कोणाले आहे? धानाले?"

त्या उन्हाळ्यात फरशीवर कोणी पडलं नाही. हे मले तवा नजरेस आलं नाही. मंग आलं.

शेठ मात्र तापला. धान वेळेवर वाळेना. फरशीच्या कडेले येऊन सगळ्यांसमोर म्हणे, "घनशाम, आठ दिवसात मशीन दुपारची चालली नाही तं तू बी चालू नको." बाबू खाली मान घालून उभे. आमाले लय वाईट वाटलं. त्यायच्या घरी बुढी माय होती, लकव्यानं पडलेली. नोकरी गेली तं तिले कोण पाहन?

मंग आमी बायांनी आपसात ठरवलं का बाबूची नोकरी वाचवाची. डोस्कं माहंच चाललं. ढिवराची मच्छी लाखांदूरले जाते तवा बर्फाची लादी धानाच्या भुश्यात दाबून ठेवतात. भर उन्हात बर्फ वितळत नाही. मिलीत भुश्याचा डोंगर. मी म्हटलं, भुश्यात बर्फ थंड राह्यते तं मशीन काहून राह्यणार नाही? दहा वाजता थोडं वाचून झालं का मशीन फडक्यात गुंडाळाची अन् भुश्यात दाबाची, तवापर्यंत गोदामातली वापराची, अन् बारा वाजता ही काढाची. थंडीगार निघन, दुपारभर चालन.

दाबली. सुरूच होती, बंद कराचं कोणाले सुचलं नाही. उन्हात धरलेली, आधीच तापलेली. बारा वाजता हात घातला तं चटका बसला. काच काळी, पाठ फुगलेली, पापडावानी. बटन दाबली, दाबून धरली, काही नाही. मले आधी वाटलं, झोपली असन.

बाबू आले. चप्पल काढली, पाय टेकवला, मंग माह्या हाताकडे पाहलं. मी सगळं सांगतलं. ते खाली बसले, तथीच, फरशीच्या कडेले. म्हणे, "यशोदाबाई, भुसा थंड करत नाही. आतमधी जे आहे ते धरून ठेवते. बर्फ ठेवला तं बर्फ, अंगार ठेवला तं अंगार."

"आमी तुमची नोकरी वाचवाले गेलो, बाबू."

"मी म्हटलं होतं का वाचवा?"

तेवढ्यात शेठ आला. मशीन पाहली अन् इचारलं, "कोणाचं काम हे?" मी एक पाऊल पुढं झाली. पण बाबू उठता उठता म्हणे, "माहं. निवडली बी मीच अन् भुश्यात बी मीच ठेवली." शेठ म्हणे, "तुले एवढं बी समजत नाही?" बाबू म्हणे, "नाही समजत."

त्या सांजचं ते गेले. वही तेवढी घेतली. मी फाटकापर्यंत गेली. म्हटलं, "मी खरं सांगते शेठले." ते म्हणे, "सांगू नका. तुमाले इथं राहाचं आहे." मंग थोडं थांबून म्हणे, "बाजूची बटन आठवते ना?" मी हाव म्हटलं. काहून इचारलं ते मले समजलं नाही. वाटलं, जाता माणूस काहीतरी इचारते.

आठ दिवसांनी पिवळ्या मशीना आल्या. नवे सुपरवायझर आले, ते ऑफिसातच बसत. बारा वाजले. एक वाजला. पिवळी टुंय टुंय करून राहिली अन् आमी चालून राहिलो. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी माह्या पुढं चालणारी बाई म्हणे, "यशोदाबाई, मले पिवळं पिवळं दिसून राहिलं."

मी थांबली. आमच्या फरशीची मशीन माह्याच हातात होती. बाजूची बटन दाबली, अन् दाबूनच धरली. काच काळी झाली. मशीन उन्हात पाटीवर उलसाक वेळ ठेवली, हाताले चटका बसतपर्यंत. मंग ऑफिसाच्या दारात नेऊन दाखवली. नव्या साहेबानं बोट लावलं अन् झटकलं. मी म्हटलं, "मशीनले ऊन लागलं जी." ते म्हणे, "ही तं बंद पडत नसते म्हणे." मी म्हटलं, "पडली." ते म्हणे, "ठेवा मंग सावलीत." आमी तिले सावलीत ठेवलं, अन् तिच्या भोवती बसलो. कोणी बाई हासली नाही.

दोन सालांनी घनशाम बाबू मले लाखांदूरच्या बसस्टँडवर दिसले. केस पांढरे झाले होते. माय वारली म्हणे. कुठंतरी पवनीकडे एका दुकानात हिशेब लिहीत होते. मी त्यायले बसू बी देल्लं नाही, इचारलं, "बाबू, एक सांगा. निळी तुमी मुद्दाम घेतली होती का चुकली होती?"

"तुमाले काय वाटते?"

"मले काहीच समजत नाही. कधी असं वाटते, कधी तसं."

ते स्टँडच्या फरशीकडे पाहत राहिले. म्हणे, "पिवळी कशी आहे?"

"चांगली आहे. बारा वाजता बंद पडते."

त्यायनं मान वर केली. "पिवळी? ती तं कुठंच थांबत नव्हती."

"आता थांबते," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"मोहाची सावली शेडाले लागतपर्यंत."

बाबूचे ओठ हालत होते, फरशीवर पाय ठेवून मोजत तसे. तेवढ्यात पवनीची बस लागली. ते निघाले, दोन पावलं गेले, परत आले अन् म्हणे, "भुश्यात ठेवू नका फक्त." मंग चढले.

मले अजून बी पक्कं मालूम नाही, का तो माणूस हुशार होता का साधाच चुकला होता. आता माह्यानं फरशीवर चालणं होत नाही, गुडघे गेले. पण मिलीत जी नवी बाई मशीन धरते, तिले पयले मी घरी बलावते. बाजूची बटन दाखवते.