कासवाचा उपास

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात सगळ्या बायका तिला ‘कासव’ म्हणत. सकाळी ती बरी असे. दुपार कलली की ओल्या चादरींचा गठ्ठा उचलताना मांड्या अशा भरून येत, की कुणी आतून पिळून काढतंय असं वाटे. मग काम मागे पडलं म्हणून ती जेवणाची सुट्टी गाळून चादरी पुऱ्या करी, आणि अजूनच मागे पडे. घरी नवरा विचारी, “अंगात जीव नाही की मनात नाही गं तुझ्या?” वर्षानुवर्षं ऐकून तिलाही वाटू लागलं होतं, आपण आळशीच.

सासूबाईंचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा ती देवापुढे नवस बोलून बसली: त्या उभ्या राहीपर्यंत दिवसा अन्नाला शिवणार नाही. चौथ्या दुपारी ती इस्त्रीच्या यंत्रापाशी टेकली ती उठेचना. लघवी काळ्या चहासारखी झाली. ज्या वॉर्डाच्या चादरी ती धूत होती, त्यातच तिला निजवलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई खाटेशी बसल्या. “पेशीपेशीत बारीकशी चूल असते, ताई. पोट रिकामं असलं, काम लांबलं, की शरीर तिथे चरबी जाळतं. ती चरबी चुलीत घालायला सीपीटी-टू नावाचं एन्झाइम लागतं. तुमचं जन्मापासून अधू आहे. सरपण दारातच पडून राहतं आणि स्नायू तुटतात.”

“म्हणजे मी आळशी नव्हते?”

“नव्हता. पण उपास कायमचा बंद. दर तीन तासांनी पोटात काहीतरी हवंच.”

हे ऐकून सुटल्यासारखं वाटायचं, तर जीव नवसात अडकला. घरी आल्यावर तिने चुलीचं सगळं सासूबाईंना सांगितलं, पण त्यांच्या अंथरुणाशेजारी वाढलेल्या ताटापुढे ती नुसती बसून राहिली.

“जेव की,” अंथरुणातून सासूबाई म्हणाल्या. शब्द जडच येत.

“मी नवस मोडला, आणि तुम्ही उठलाच नाहीत तर?”

“तुझी चूल कुणी बांधली? त्यालाच ना ठाऊक, तिच्यात काय जळतं ते? आणि उठले तर मला धरणार कोण, तुझा नवरा? त्याला स्वतःचा सदरा सापडत नाही.”

तिने देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले आणि घास घेतला. चव काही लागली नाही. फार दमलेल्या माणसाला लागत नाही. अर्ध्यावर ती थांबली, तेव्हा सासूबाईंनी चांगल्या हाताने ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

“सगळं,” त्या म्हणाल्या.