मॅडमांचा चौदावा प्रश्न

डॉ. हेमलता गवाणकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती भाईंदर पश्चिमेच्या एका धर्मादाय दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीला. कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या पेशंटांच्या घरी जाऊन माहिती गोळा करणारी बाई त्यांना हवी होती. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, लग्न होऊन परभणीहून भाईंदरला आलेली, दोन मुलांची आई. प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. मॅडमांनी ती उघडलीसुद्धा नाही. चार पानांची एक प्रश्नावली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा. मी पेशंट आहे असं समजा."

मी वाचत गेले. जेवण जातं का, झोप लागते का, कामावर परत जाता का. तेराव्या प्रश्नापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. चौदावा मी डोळ्यांनी वाचला आणि तोंडाने पंधरावा विचारला.

"चौदावा राहिला," मॅडम म्हणाल्या.

चौदावा असा होता: उपचारांनंतर तुमच्या शरीरसंबंधांत काही बदल झाला आहे का, आणि त्याचा तुम्हाला त्रास होतो का? माझी कानशिलं तापली. समोर साठीला टेकलेल्या, सुती साडीतल्या, माझ्या आईच्या वयाच्या बाई, आणि हे त्यांना विचारायचं? मी एका दमात वाचून टाकलं, जणू कडू औषध गिळलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोमवारपासून या." घरी जाऊन नवऱ्याला नोकरी लागल्याचं सांगितलं, काम काय आहे ते मात्र पुढचे तीन महिने सांगितलं नाही.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मॅडमांची पंचाहत्तरी साजरी करायचं ठरलं तेव्हा समितीतल्या एका सद्गृहस्थांनी मला फोन केला. "ताई, गौरवअंकाला लेख द्या, पण ते तुमच्या रिसर्चचं जरा वरवर लिहा हां. हॉलमध्ये फॅमिली लोक असणार." अहो, मॅडमांचं सगळं काम फॅमिली लोकांवरच आहे! ज्या कामात त्यांनी डोक्याचे केस पांढरे केले तेच वगळायचं आणि त्यांच्या साधेपणाबद्दल चार ओळी लिहायच्या, याला गौरव म्हणत असतील तर तो मला जमणार नाही. म्हणून मी सरळच लिहिते आहे. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी मी चौदावा प्रश्न जसा गाळला तसा हा लेख गाळावा.

मॅडम शस्त्रक्रियेच्या डॉक्टर. गाठ काढायची, पेशंट वाचवायचा, पुढचा पेशंट घ्यायचा, असं त्यांनी पंचवीस वर्षं केलं. मग त्यांच्या मनात एक शंका शिरली. त्या आम्हाला नेहमी विचारायच्या, "पेशंट बरा झाला असं आपण कागदावर लिहितो. म्हणजे त्याचं नेमकं काय झालं?" गाठ गेली, रिपोर्ट चांगला आला, पण घरी गेल्यावर नवराबायको एकमेकांशी कसे राहतात, जवळ येताना दुखतं का, भीती वाटते का, हे कोणी विचारत नव्हतं. पेशंट आपणहून सांगत नव्हते आणि डॉक्टरांना वाटत होतं की तक्रार नाही. मॅडमांनी तेच मोजायला घेतलं. त्यांच्या बरोबरीचे डॉक्टर हसले. एकाने तर आमच्यादेखत त्यांना "या वयात हा काय नाद?" असं विचारलं. मी शरमेने खाली बघत होते. मॅडम म्हणाल्या, "या वयातच जमेल. तरुणपणी माझीही जीभ रेटली नसती."

विचारायचं कसं, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. त्यात सगळ्यात महत्त्वाची होती खुर्ची. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. दोघांची तोंडं एकाच दिशेला, खिडकीकडे नाहीतर भिंतीकडे. डोळ्याला डोळा भिडला की माणूस लाजतो, शेजारी बसलेल्याशी बोलतो. हातातला कागद मांडीवर पालथा ठेवायचा. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं, आणि ती शांतता आपल्याला कितीही खुपली तरी मोडायची नाही.

हे सगळं मी वहीत व्यवस्थित लिहून घेतलं होतं. आणि तरीही मी जे केलं ते आज पहिल्यांदा छापील स्वरूपात कबूल करते आहे.

सहा महिन्यांनी एका दुपारी मॅडमांनी मला आत बोलावलं. टेबलावर माझ्या हस्ताक्षरातले फॉर्म पसरलेले होते, सगळ्यांचं तिसरं पान वर. चौदाव्या प्रश्नापुढे एकामागून एक दोनच शब्द होते: लागू नाही. लागू नाही. लागू नाही.

"सुनंदाताई, या सगळ्यांना विचारलंत?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण जमलं नाही. मी कोणालाच विचारलं नव्हतं. ही विधवा, हिला काय विचारायचं. हिची सून आत स्वयंपाकघरात आहे. ही पन्नाशीच्या पुढची, हिला आता त्याचं काय. प्रत्येक दारात मला एक कारण सापडत होतं आणि मी ते दोन शब्द लिहून मोकळी होत होते. मला वाटत होतं, एखाददुसराच फॉर्म तसा असेल. सगळे एकत्र पाहिले तेव्हा कळलं, एकही सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला.

मॅडमांनी तो वाचून परत दिला. "तुम्ही जाल, नवीन बाई येईल, तीही हेच लिहील. तुम्हाला निदान आता कळलंय." मग त्यांनी एक फॉर्म वेगळा काढला. उत्तनजवळच्या पाली कोळीवाड्यातल्या रोझीचा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, लाईट घेऊन बरी झालेली. रेडिएशनला आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात. वय बावन्न. आठ महिने ही तपासणीला फिरकली नव्हती. न येण्याचं कारण या फॉर्मवर कुठे तरी असायला हवं, आणि ते नाही, एवढंच मॅडम म्हणाल्या. आजार उलटला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. मी तिच्या घरी बसून चहा प्यायले होते, आणि तरी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही दोघी उत्तनच्या बसने निघालो आणि पुढे रिक्षाने पालीच्या गल्लीत शिरलो. रोझी अंगणात बोंबील वाळत घालत होती. मॅडमांना पाहून तिने हात पदराला पुसले. मॅडमांनी तिला ओट्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसकण मारली, वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत चौदावा प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या.

मग रोझी म्हणाली, "तपासाला येऊन काय करू, मॅडम? टेबलावर झोपवतान तवा जीव जाते. घरातपन तसाच दुखते. म्हनून तो आता बाहेर पडवीत झोपते. माना हात लावीत न्हाय. माजी किळस येते त्याला. मी तारोडीला भावाकडे जानार हाय."

मग ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. "ताई, तुमी तवा ईचारला असता तं मी सांगला असता."

हे वाक्य ऐकून मी जी हादरले, ती अजून सावरलेली नाही. तिला सांगायचं होतं. तिला त्याचं काय, हे मीच परस्पर ठरवलं होतं.

मॅडमांनी तिच्या नवऱ्याला, अंतोनला, बाहेर बोलावलं. तो दारातच उभा राहिला, जाळं विणायची सुई हातात. मॅडमांनी त्यालाही तेच विचारलं. धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "किळस कसली? तिनं लाईट घेतलेली हाय. माना वाटला, मी हात लावला तं तिलाच काय तरी व्हयाचा. माना कोनी सांगलाच न्हाय." रोझी त्याच्याकडे बघतच राहिली. एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, हे दोघे आठ महिने असे झोपत होते!

मॅडमांनी दोघांना शेजारी बसवून साध्या शब्दांत सांगितलं. लाईटने आतला मार्ग आकसतो आणि कोरडा होतो, त्यावर उपाय आहे, मार्ग हळूहळू रुंद करायचं साधन आहे, जेल आहे, रोज थोडा वेळ सराव करावा लागतो. स्पर्शाने आजार परत येत नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही. त्यांचा आवाज पथ्यपाणी सांगावं तितका सहज होता. मी मात्र घामाघूम झाले होते. पंधरा दिवसांनी रोझी तपासणीला आली, अंतोन बाहेर बाकावर बसला होता. आजार उलटलेला नव्हता. त्या दिवशी दवाखान्याच्या संडासात जाऊन मी रडले.

तारोडीला रोझी अजूनही जाते, पण भाऊबिजेसारखी, डबा घेऊन आणि संध्याकाळी परत यायला. पाली-उत्तनकडच्या कोणा बाईला लाईट सांगितली की रोझीच तिला हाताला धरून आमच्याकडे आणते आणि वाटेतच अर्धं सगळं समजावून मोकळी होते.

माझे सगळे फॉर्म मॅडमांनी बाद केले. पाहणी पहिल्यापासून झाली, सहा महिन्यांचं काम वाया गेलं. अहवाल लिहिताना मॅडमांनी तो प्रकार झाकला नाही. प्रश्न विचारणाऱ्यांनीच प्रश्न टाळला, हा निष्कर्ष त्यांनी सर्वांत आधी मांडला आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. माझं नाव कुठेही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला शिकवलं कोणी? मी. मग कच्चं कोणाचं राहिलं?"

मॅडम देव आहेत असं मी म्हणणार नाही. त्या समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःला वाचता येत नाही. त्यांनी केलेला चहा पिण्यासारखा नसतो आणि तो नाकारलेला त्यांना चालत नाही. पण माझ्या सासूबाई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळल्या तेव्हा दर रविवारी घोडबंदरहून दोन बस बदलून या बाई आमच्या घरी यायच्या, सासूबाईंच्या शेजारी खुर्ची घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "जा, तू तासभर झोप." ताईची मी तेव्हा 'तू' झाले.

आता गेल्या वर्षाचं. हे लिहू का, असं मी मॅडमांना विचारलं. "तेच लिही," म्हणाल्या.

गेल्या वर्षी मॅडमांनाच गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. शस्त्रक्रिया झाली, पुढे लाईट घ्यायची ठरली. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मी त्यांच्याबरोबर गेले. रोझीने माझ्यामार्फत सुकट पाठवली होती, वासाने मॅडमांना मळमळलं तरी पिशवी परत पाठवू देईनात.

तिथली तरुण डॉक्टर मुलगी गोड होती. कॉम्प्युटरच्या मागे बसून भराभर विचारत होती. "आजी, जेवण जातं? झोप येते? चालताना दम लागतो?" मग तिची बोटं क्षणभर थांबली, तिने मॅडमांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, कागदावरच्या 'अविवाहित' या शब्दाकडे पाहिलं, काहीतरी टाइप केलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पडदा माझ्या बाजूला थोडा वळलेला होता. लैंगिक आरोग्य, आणि त्याच्यापुढे तेच दोन शब्द. लागू नाही.

मॅडमांनीही पाहिलं होतं. आता या बोलतील, आता झाडतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. त्या बोलल्या नाहीत. मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. सोळा वर्षांत मी त्यांना असं मान खाली घातलेलं कधी पाहिलं नव्हतं. ज्यांनी शेकडो दारांत हा प्रश्न नेला, त्या स्वतःसाठी तो मागू शकत नव्हत्या.

मग मीच बोलले. "डॉक्टर, एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत."

तिने पडद्याकडे पाहिलं आणि लाल झाली. "ॲक्च्युअली, आजी चौऱ्याहत्तरच्या आहेत ना... आणि सिंगल आहेत, म्हणून मी..."

"मीही असंच लिहायचे, बाळा," मी म्हणाले. "चुकायचं माझं."

मग मॅडमांनी मान वर केली. "खुर्ची इकडे आण," त्या म्हणाल्या. "समोर नको. शेजारी."

त्या मुलीने खुर्ची उचलून आणली. मी पर्स घेतली आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने मॅडम बाहेर आल्या. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. ते विचारणं माझं काम नव्हतं. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "सुनंदा, मला आजपर्यंत हे कोणी विचारलंच नव्हतं गं."

मॅडम, तुमचे उपचार पार पडले, रिपोर्ट चांगले आहेत, आणि तुम्ही पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाला दोन तास खुर्चीत बसणार नाही म्हणून आत्ताच भांडताय, यावरून तुम्ही बऱ्या झालात असं मी कागदावर लिहून टाकते. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, दुखण्याविना लाभो. पुढच्या प्रत्येक तपासणीला मी तुमच्याबरोबर येणार आहे. दार उघडून आधी पाहीन, खुर्ची कुठे लावली आहे ते. समोर असली तर मी ती उचलून तुमच्या शेजारी ठेवीन आणि बाहेर जाऊन बसेन.