कॅनडाच्या पाण्याभोवतीची रेघ

परदेशात, वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात मी जहाजांच्या मार्गांचे नकाशे बनवायचे. त्या महिन्यात माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, संपत होता आणि वाढवून मिळायचा अर्ज साहेबाच्या टेबलावर पडून होता. पास गेला तर टॅम्पिनीसचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळंच आवरावं लागणार होतं. नेमकं तेव्हाच उत्तर ध्रुवाकडच्या वाटेचं काम माझ्याकडे आलं.

ती वाट कॅनडाच्या बेटांमधून जाते. कॅनडा म्हणतो, ते आमचं घरचं पाणी. अमेरिका म्हणते, छे, ती सगळ्यांची वाट. बाकी दोघांचं चांगलं गूळपीठ आहे. मला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं.

पुण्यातल्या पहिल्या नोकरीत मी भारताचे नकाशे काढले होते. तिथे सीमेची रेघ कुठे तुटक दिसली की फाईल तोंडावर फेकली जायची. सीमा अखंडच काढायची, कुणाला विचारत बसायचं नाही, हे हाताला लागलेलं वळण. इथेही दोन्हीकडे कॅनडाची बेटं दिसली, म्हणून मधल्या पाण्याला मी तोच रंग दिला आणि भोवती ठसठशीत रेघ ओढली. भारीच शहाणी मी!

नकाशा मागवणाऱ्या कंपनीकडून तो पाहायला दोन पाहुणे आले, एक अमेरिकन, एक कॅनेडियन. जुने दोस्त, एकाच टॅक्सीतून उतरलेले. रेघ दिसल्यावर अमेरिकन शांतपणे म्हणाला, ही पुसा. कॅनेडियन तितक्याच शांतपणे म्हणाला, राहू द्या. तुमची सरकारी जहाजं आम्हाला विचारूनच जातात, असंही त्याने ऐकवलं. विचारतो, पण त्याने पाणी तुमचं होत नाही, अमेरिकन म्हणाला. दोघं हसत होते आणि तसूभर हलत नव्हते. मग दोघांनी मला विचारलं, ही रेघ कुणाच्या सांगण्यावरून काढली?

माझ्याआधी साहेबच बोलला.

"ती नवीन आहे. शिकतेय अजून."

सहा वर्षं झाली होती मला तिथे. साहेबाला ते सॉफ्टवेअर मीच शिकवलं होतं. मी मान डोलावली आणि त्याच्या सांगण्यावरून रेघ तुटक केली, म्हणजे हद्दीचा वाद आहे अशी खूण. पाहुण्यांना ती चालली. सुरुवातीला होतं असं, कॅनेडियन मायेने म्हणाला.

पास वाढून मिळाला. नवऱ्याने पेढे आणले, मी खाल्लेही. पण त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी साहेबाला थँक यू म्हणाले, याचा मला अजून संताप येतो.