शिंप्याच्या घरचं पुस्तक

अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करण्यात तिची अकरा वर्षं गेली. सासू गेली तेव्हा ती चाळिशीला टेकली होती, आणि दिवसभर करायचं काय हा प्रश्न आ वासून उभा होता. नवऱ्याच्या ओळखीनं वाचनालयात सहायकाची जागा मिळाली. नणंद म्हणाली, "बरं झालं वहिनी, बसल्या बसल्या पुस्तकं वाचायला मिळतील."

वाचायला कुठलं मिळतंय! परत आलेली पुस्तकं नंबरानं कपाटात लावायची, सुटलेली पानं चिकटवायची, धुळीनं शिंकून बेजार व्हायचं. आणि बोलायची सोय नाहीच. सासूच्या खोलीतल्या शांततेतून सुटली ती या शांततेत येऊन पडली. सगळे तिला 'नव्या बाई' म्हणत. नाव कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ग्रंथपालांनी एक यादी तिच्यापुढे टाकली. "मुदत उलटलेली पुस्तकं आहेत. फोन लावा, गोड बोला, पण पुस्तक आणा."

चौथा नंबर एका बाईंचा होता. नऊ महिने एक कादंबरी त्यांच्याकडे होती. फोन त्यांच्या नवऱ्यानं उचलला.

"ती गेली हो. आठ महिने झाले."

"माफ करा" म्हणून तिनं फोन ठेवला. ग्रंथपाल म्हणाले, "वाईट झालं. पण पुस्तक तर आहे ना घरात? तुमच्या वाटेवरच आहे, घेऊन या."

संध्याकाळी ती तिथं गेली. बाईंचा नवरा म्हातारा शिंपी होता. दोन खोल्या, खिडकीशी मशीन, भिंतीला कापडाचे तागे. पुस्तक मशीनच्या फळीवरच होतं, मधे मापं घ्यायच्या टेपचा तुकडा खूण म्हणून घातलेला.

"मला आकडे कळतात, अक्षरं नाही कळत," तो म्हणाला. "मी शिवायचो, ती वाचून दाखवायची. इथवर आली होती. गोष्टीतल्या त्या मुलीला बाप सापडतो की नाही, एवढंच कळायचं राहिलंय. ताई, तेवढं वाचाल? मग खुशाल न्या."

तिला बरं वाटलं. कुणीतरी तिच्याकडे काही मागत होतं आणि ते देता येण्यासारखं होतं. ती स्टुलावर बसली, घसा साफ केला, वाचू लागली. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. दुसरं पान उलटलं आणि त्यानं हात वर केला.

"बस्स. थांबा."

"चुकलं का काही, काका?"

"तुमचं नाही चुकलं. मघापर्यंत तिचा आवाज कानात होता. आता तुमचाच येतोय." त्यानं पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं, टेपचा तुकडा ओढून घेतला आणि पुस्तक परत तिच्या हातात दिलं. "न्या हे. लवकर न्या."

पुस्तक पिशवीत टाकून ती जिना उतरली.

"वा, नव्या बाई! पहिल्याच फेरीत पुस्तक आणलंत," ग्रंथपाल खूष झाले. मग मेलेल्या सभासद बाईंचं कार्ड काढून त्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचं कामही तिच्याकडेच आलं. शिक्का तिरका बसला.

त्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तिनं कपाटाआड उभ्यानं ती कादंबरी संपवली. मुलीला बाप सापडत होता. तो तिला ओळखतही होता. एवढी चांगली गोष्ट पोटात ठेवून गप्प बसणं तिला जमेना. तिनं फोन लावला.

"काका, वाचनालयातून बोलतेय. त्या गोष्टीचा शेवट..."

पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला.

"पुस्तक दिलं ना तुम्हाला?"

"हो, पण मला वाटलं, तुम्हाला सांगावं—"

"तिच्याकडून ऐकायचं होतं, ताई. आता राहिलं ते राहू दे." आणि फोन बंद झाला.

घरी नवऱ्यानं विचारलं, "कसं चाललंय काम?"

"चाललंय," ती म्हणाली आणि पोळी वाढायला उठली. दुसऱ्या दिवशी यादीतल्या पाचव्या नंबराला फोन करण्याआधी ती बराच वेळ रिसीव्हर हातात धरून नुसती बसून राहिली.